सवाल एकाचा, हशा दोघांचा

सातू-हिरू, शिवा-संभा, भाऊ-बापू, काळू-बाळू. तमाशाच्या जुन्या फडांची नावं जोडीनं येतात. नाटक कंपनीचा एक मालक असतो, सिनेमाचा एक नायक असतो. तमाशाच्या फडाला मात्र दोन माणसं लागतात, आणि ती बहुतेकदा एकाच घरातली असतात. यामागे व्यवहार आहे. फड म्हणजे पन्नास-साठ माणसांचं चालतं गाव. एकानं गल्ला सांभाळायचा, दुसऱ्यानं बोर्डावर उभं राहायचं, आणि दोघांचा एकमेकांवर भरवसा हवा. पण त्याहून मोठं कारण हसवण्यात आहे. तमाशातला विनोद एकट्याला करता येत नाही. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो मुद्दाम चुकीचा झेलायचा, आणि हशा त्या दोघांच्या मधे कुठंतरी पिकतो.

हे गणित ज्या घरानं पूर्णत्वाला नेलं ते सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचं खाडे घराणं. सातू-हिरू कवलापूरकर, मग शिवा-संभा कवलापूरकर, आणि मग संभाजी खाडे यांची जुळी मुलं लहू आणि अंकुश. १९३३ साली जन्मलेल्या या भावांना लहू-अंकुश म्हणून ओळखणारे थोडे. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी दोन हवालदार उभे केले, त्यांची नावं काळू आणि बाळू. वग इतका चालला की पात्रांची नावं माणसांना चिकटली आणि फडालाही तीच मिळाली. लहू खाडे, म्हणजे काळू, २०११ च्या जुलैत गेले. एका घराण्याचा हसवण्याचा धंदा असा पिढ्यान् पिढ्या चालावा, ही गोष्ट माहितीपटाच्या कुठल्याही दिग्दर्शकाला मोहात पाडेल. प्रश्न आहे तो कॅमेरा कुठं लावायचा याचा.

माझं उत्तर थोडं आडवळणाचं आहे. कवलापुरात लावाच, पण दुसरा कॅमेरा भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात लावा. कारण हसवणारं घराणं जितकं कवलापुरात घडलं, तितकंच ते ज्या गावांनी वर्गणी काढून त्याला बोलावलं त्या गावांत घडलं.

वर्गणीचा तमाशा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा रस्ता फुटतो आणि पुढे कापूरहोळहून भोरचा. वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी. त्या तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड. भोर हे पंतसचिवांचं संस्थान, १९४८ साली विलीन झालेलं. रोहिडा, रायरेश्वर, भाटघरचं १९२८ मध्ये पुरं झालेलं धरण, डोंगरउतारावरची भातखाचरं. पाऊस मुबलक आणि जमीन तुटपुंजी. त्यामुळे भात निघाला की घरातला एक तरी माणूस मुंबईला, हा इथला जुना रिवाज. गिरणीत, गोदीत, बाजारात हमालीला. हा चाकरमानी वर्षातून दोनदा गावी हमखास यायचा, गणपतीला आणि गावच्या यात्रेला.

संस्थानचा राजवाडा १८६९ सालचा. तिथल्या रामनवमीच्या उत्सवात कीर्तन, पूजा, मानपान यांना स्थान होतं. तमाशाची जागा गावाच्या कडेला, देवळापासून थोडी दूर, भात निघून मोकळ्या झालेल्या खाचरात. यात्रेचा क्रम आजही फारसा बदललेला नाही. रात्री पालखी आणि छबिना, मग लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरी म्हणजे रात्रभर नाचून-बोलून थकलेल्या फडानं सकाळी पुन्हा उभं राहून मोजकी गाणी आणि फार्स करून दाखवायचा. रात्री बायाबापड्या, पोरं, म्हातारी माणसं लांब बसतात. हजेरीला गावचे कारभारी पुढं बसून दौलतजादा करतात, म्हणजे कलावंतांवर पैसे उधळतात. फडाला दोन्ही प्रेक्षक सांभाळावे लागतात.

तमाशा ठरतो तो गावाच्या पैशातून. यात्रा कमिटी घरटी वर्गणी काढते, मुंबईतल्या चाकरमान्यांचं मंडळ आपली भर घालतं. मग कारभारी नारायणगावला जातात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात, भिंतीवर रंगीत पोस्टरं, समोर टेबल-खुर्ची, वही. गावकरी राहुट्या फिरतात, भाव करतात आणि सुपारी देतात. दसऱ्याला बाहेर पडलेले तंबूचे फड तिकिटावर खेळत मुलूख फिरतात. चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्यांवर मात्र सगळ्यांचंच वर्ष ठरतं. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यायची, ती हंगामात फेडून घ्यायची, पावसाळ्यात पुन्हा कर्ज. २०२० आणि २०२१ च्या यात्रा करोनानं बंद पडल्या तेव्हा या साखळीची प्रत्येक कडी एकदमच तुटली.

वर्गणीच्या तमाशाचा विनोदावर थेट परिणाम होतो, आणि तो शहरी प्रेक्षकाला चटकन कळत नाही. तिकीट काढून आलेला माणूस न आवडलं तर उठून जातो. वर्गणी दिलेलं गाव उठून जात नाही, ते हिशोब मागतं. पुढच्या साली सुपारी दुसऱ्याला देतं. म्हणून सोंगाड्या, म्हणजे फडातला हसवणारा, दुपारीच गावात चक्कर मारतो. चहाच्या टपरीवर बसून कोणाचा बैल शर्यतीत पळाला, सरपंचकीत कोण पडलं, एसटी का बंद आहे, हे सारं ऐकून घेतो. रात्री बतावणीत, म्हणजे सवाल-जबाबाच्या विनोदात, ते सगळं बाहेर येतं. वग तोच, पण विनोद त्या रात्रीचा आणि त्या गावाचा.

बोर्डावरचा हवालदार

तमाशाचा क्रम ठरलेला: गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, वग. गणात देवाला नमन, गौळणीत कृष्ण, पेंद्या आणि लुगडं नेसलेली मावशी. देवालाही थट्टेतून सूट नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. मग वगात राजा येतो, प्रधान येतो आणि हवालदार येतो. राजा गादीवरून बोलतो, पण प्रेक्षकाची गाठ राजाशी कधी पडलेली नसते. त्याला माहीत असतो तो हवालदार, तलाठी, जंगलखात्याचा गार्ड. सत्तेचं शेवटचं टोक म्हणजे ही माणसं, आणि डोंगरातल्या गावापर्यंत सरकार पोचतं ते याच टोकानं. म्हणून तमाशातला विनोद हवालदाराभोवती जमतो. तो धाक दाखवतो आणि स्वतःच घाबरतो, दुसऱ्याला अडकवतो आणि स्वतःच अडकतो.

काळू-बाळूंनी या हवालदाराचे दोन केले, आणि तेही हुबेहूब सारखे. यात किती विनोद भरलाय ते बघा. सत्ता म्हणजे गणवेश; गणवेशातला माणूस कोण हे कुणी बघत नाही. दोन सारखे हवालदार समोर आले की जबाबदारीच हरवते. नमुन्यादाखल एक बतावणी लिहितो. ही कुठल्या वगातली नाही, फक्त घाट दाखवायला जुळवलेली आहे:

“नाव काय तुझं?”
“ह्याचं.”
“ह्याचं काय नाव?”
“माझंच.”
“मग तक्रार कुणी घेतली?”
“जो घरी गेला त्यानं.”
“घरी कोण गेला?”
“ज्याला तुम्ही इचारताय तो नव्हं.”

कागदावर हे अर्धमेलं वाटेल. बोर्डावर त्यात चालण्याची लकब, टोपी सावरण्याची वेळ, ढोलकीचा एक ठोका आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबणं येतं. हशा किती वेळ चालू द्यायचा आणि कुठल्या क्षणी पुढचं वाक्य टाकायचं, हे दोघांना एकाच वेळी कळावं लागतं. एकाच पाळण्यात वाढलेल्या, एकाच ताटात जेवलेल्या भावांना ते कळतं. बाहेरून आणलेल्या नटाला शिकवावं लागतं, आणि शिकवून येईलच असं नाही. फडाला घराणं लागतं ते इथं.

जगात दुसरीकडेही हे असंच घडलं आहे. न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरित ज्यू घरातले मार्क्स बंधू असेच आईच्या हाताखाली तयार झाले. मिनी मार्क्सनं पोरांना रंगमंचावर उभं केलं, दौरे ठरवले, व्यवहार पाहिला. वर्षानुवर्षं गावोगाव खेळ करून त्यांचा विनोद घासला गेला आणि मग तो सिनेमात गेला. ‘द कोकोनट्स’ आणि ‘ॲनिमल क्रॅकर्स’ हे त्यांचे सुरुवातीचे चित्रपट म्हणजे रंगमंचावरच्या यशस्वी खेळांचीच रूपं. १९३३ च्या ‘डक सूप’मध्ये आरसा नसलेल्या चौकटीत एकजण दुसऱ्याचं प्रतिबिंब बनून उभा राहतो, तो प्रसंग आजही दाखवला जातो. १९३५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’च्या आधी तर त्यांनी विनोदाचे प्रसंग घेऊन दौरा केला; प्रेक्षक कुठं आणि किती वेळ हसतात ते पाहून संहिता ठोकून घेतली. कवलापूरच्या भावांचा जन्म ‘डक सूप’च्या वर्षातला. त्यांच्याकडे आरशाची चौकट नव्हती, तिची गरजही नव्हती. पण तिकडे भावांचा विनोद ऐन भरात असताना फिल्मवर उतरला. इकडे तो रोज रात्री हवेत विरत गेला.

इंगवलीचा नातू

हवालदाराचा विनोद पडद्यावर आला, पण दुसऱ्या वाटेनं, आणि ती वाट भोर तालुक्यातून जाते. दादा कोंडके यांचं मूळ गाव भोरजवळचं इंगवली. घरातली माणसं बॉम्बे डाईंगमध्ये कामाला. दादांचा जन्म १९३२ साली मुंबईत, नायगाव-लालबागच्या गिरणगावात. गोकुळाष्टमीला जन्मले म्हणून कृष्णा नाव. अपना बाजारात नोकरी, बँडपथक, मग राष्ट्र सेवादलाचं कलापथक. म्हणजे इंगवलीतून गिरणीकडे गेलेल्या घराचा हा पोरगा चाळीतल्या गणेशोत्सवात आणि कलापथकात तयार झाला. त्या वेळी लालबाग-परळात तमाशाची थिएटरं होती आणि गावाकडचे फड तिथं मुक्कामाला येत. भोर-वेल्ह्याच्या यात्रेत बघितलेलं रूप तिथल्या माणसाला मुंबईतही भेटत होतं.

१९६५ साली वसंत सबनीसांनी लिहिलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आलं. कोतवालाची जागा रिकामी होते आणि हवालदाराला ती हवी असते, एवढाच कथेचा धागा. दादांचा हवालदार त्या धाग्यावर रोज नवे मणी ओवायचा. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री प्रयोगात यायची. दुपारी टपरीवर बसणाऱ्या सोंगाड्याचीच ही पद्धत, फक्त गावाच्या जागी मुंबई. प्रयोगांनी दीड हजाराचा आकडा ओलांडला. आशा भोसले यांना हा हवालदार आवडला, त्यांनी भालजी पेंढारकरांकडे शिफारस केली, आणि १९६९ मध्ये ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले.

१९७१ चा ‘सोंगाड्या’ दादांनी स्वतः काढला. दादरच्या कोहिनूर थिएटरला तो लावण्यावरून वाद झाला, बाळासाहेब ठाकरे मधे पडले आणि सिनेमा लागला. मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, आणि १९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’. इथंही हवालदार एक नाही, दोन. सोबतीला अशोक सराफ. दादांचे नऊ चित्रपट ओळीनं पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. मुंबईत पोलीस शिपायाला ‘पांडू’ म्हणायची टूम याच सिनेमानं रुजवली असं म्हणतात.

दादांकडेही एक घरच होतं, रक्ताचं नसलं तरी. उषा चव्हाण, संगीतकार राम-लक्ष्मण, प्रमुख साहाय्यक बाळ मोहिते, महेंद्र कपूर यांचा आवाज. माणसं तीच, वर्षानुवर्षं. फडमालक जशी आपली माणसं बांधून ठेवतो तशीच. पात्रांची ठेवण, द्वयर्थी बोलणं, भाबड्या चेहऱ्यानं टाकलेला टोला, बाईनं जरा चढ्या आवाजात बोलणं, सगळं तमाशातून आलेलं. दादांनी ते कधी नाकारलं नाही.

पण इथं एक अवघड गोष्ट आहे आणि माहितीपटानं ती टाळली तर तो खोटा होईल. कवलापूरचे खाडे आणि नारायणगावचे भाऊ-बापू मांग नारायणगावकर ही दलित समाजातली घराणी. महार, मातंग, कोल्हाटी समाजांनी तमाशा उभा केला, जगवला, पिढ्यान् पिढ्या त्याची बदनामीही अंगावर घेतली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी आणली, मग सुधार समिती नेमून संहिता तपासायला लावल्या. ज्यांचा सगळा व्यवहार तोंडी होता त्यांना आपला विनोद आधी लिहून सादर करा म्हणून सांगितलं गेलं. त्याच काळात कलापथकांनी आणि शहरी लेखकांनी तमाशाचा घाट घेऊन लोकनाट्य केलं. ते पांढरपेशा घरांतही चाललं. हवालदार तोच होता. एक कनातीत राहिला, दुसरा रवींद्र नाट्य मंदिरात गेला आणि तिथून सिनेमात. दादांची प्रतिभा अस्सल होती याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की त्यांचं हसवणं आज आपण हवं तेव्हा पाहू शकतो आणि काळू-बाळूंचं बहुतांशी आठवणीतून ऐकावं लागतं. रात्री ज्या फडाला गाव डोक्यावर घेई त्याला पाणी पाजताना भांडं वेगळं काढलं जाई, ही आठवणसुद्धा याच हिशोबातली.

काय टिपायचं

तमाशावर काम झालेलं नाही असं नाही. रुस्तुम अचलखांब आणि नामदेव व्हटकर यांनी ग्रंथ लिहिले. संदेश भंडारे यांनी फडांबरोबर फिरून काढलेल्या छायाचित्रांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक आहे. सावित्री मेधातुल यांनी संगीतबारीतल्या लावणी कलावतींवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. महाराष्ट्रातल्या यात्रांत फिरणाऱ्या तंबू-टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ची २०१६ च्या कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. या यादीकडे नीट पाहिलं तर दिसेल, की कॅमेऱ्याला लावणी भावते, तंबू भावतो, मोडकळीला आलेली मशिनं भावतात. सोंगाड्याकडे तो कमी वळतो. कारण उघड आहे. नाच कुठल्याही भाषेच्या माणसाला दिसतो. बतावणी समजायला बोली लागते. खालच्या पट्टीवर भाषांतर लिहिलं की कोटी मरते. महोत्सवात पाठवायचं तर दुःख सोपं, हशा अवघड.

म्हणून काळू-बाळूंवरचा किंवा त्यांच्यासारख्या कुठल्याही घराण्यावरचा माहितीपट करणाऱ्यानं तीन गोष्टी सोडू नयेत.

पहिली, तोंडी ठेवा. पुणे जिल्ह्यातल्याच इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार करायचे. त्यांच्या वगाची गोष्ट आज नाटक-सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दादूंचं बोलणं संहितेत मावलेलं नव्हतं. हाच प्रकार काळू-बाळूंचा. ऐंशीच्या दशकात वगांच्या कॅसेटी निघाल्या, एसटी स्टँडवर विकल्या गेल्या, हॉटेलांत वाजल्या. त्या धूळ खात असतील तिथून गोळा करायला हव्यात. सोबत फडातले जुने ढोलकीवाले, हलगीवाले, सुरत्ये शोधायला हवेत. विनोदाचा ठोका कुठं पडायचा ते त्यांच्या बोटांना माहीत असतं.

दुसरी, घर. हसवणाऱ्या घराण्यातल्या बायका काय करत होत्या? बोर्डावर नसलेल्या बायकांनी चूल सांभाळली, फडातल्या पोरांना वाढवलं, सावकाराला तोंड दिलं. भाऊ-बापूंच्या घरातून भाऊंची मुलगी विठाबाई उभी राहिली आणि घराण्याचं नावच मुलीवर आलं. पुढे विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढला. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांच्या फडात आई आणि सोंगाड्या मुलगा ही जोडी होती. जोडी भावांचीच असते असं नाही, हे या दोन घरांनी दाखवलं. कवलापूरच्या गोष्टीला ही बाजू जोडली नाही तर ती दोन हसऱ्या चेहऱ्यांच्या पोस्टरापुढं जाणार नाही.

तिसरी, प्रेक्षक. भोर-वेल्ह्याचा मुद्दा हाच. इथल्या खेड्यांत साठी ओलांडलेल्या माणसापुढं जुन्या तमाशाचा विषय काढला की तो आधी वग सांगत नाही. कुठल्या साली कोणाचा फड आणला, वर्गणी किती झाली, कोण रुसलं, पावसानं कनात कशी उडाली हे सांगतो. मग मधेच उठून हवालदाराची चाल करून दाखवतो. दोन म्हातारे एकत्र असले तर सवाल-जबाबही होतात, आणि दोघांचं एका वाक्यावर एकमत होत नाही. संशोधकाला यात विसंगती दिसेल. माहितीपटाला यात ऐवज दिसायला हवा. विनोदाची मूळ प्रत कधी नव्हतीच. प्रत्येक गावाला आपापली मिळाली.

आणि आताचंही टिपायला हवं. आज बऱ्याच यात्रांत ऑर्केस्ट्रा आणि डीजे आला आहे. तमाशाच्या सुपारीतही वगाला वेळ उरत नाही, मध्यरात्रीपर्यंत चालू गाण्यांची फर्माईश चालते आणि आवाज बंद करायची वेळ होते. सोंगाड्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. रात्रभराच्या वगात जो सापळा सावकाश लावता येई, तो आता घाईत लावून घाईत उडवावा लागतो. तरी ज्याला येतं तो त्यातही हशा काढतो. पुढच्या ओळीतले मोबाईल वर होतात, आणि दुसऱ्या दिवशी ती कोटी यूट्यूबवर जाते. ती तिकडे गेली की पुढच्या गावात शिळी होते. पूर्वी एक विनोद पूर्ण हंगाम पुरायचा. सोंगाड्याचं हे नवं दुखणं आहे आणि ते कुणी अजून फारसं विचारलेलं नाही.

असा माहितीपट उद्या कुणी केलाच, तर त्याचा पहिला खेळ पुण्याच्या महोत्सवात लावू नये. चैत्रातल्या एखाद्या यात्रेत, भोर किंवा वेल्ह्याकडच्या गावात, हजेरी आणि कुस्त्यांच्या मधल्या वेळेत पडदा बांधावा. मार्क्स बंधूंनी जसं केलं तसं दिग्दर्शकानं पडद्याकडे पाठ करून बसावं आणि लोक कुठं हसतात ते लिहून घ्यावं. जिथं हसले नाहीत तिथं कात्री लावावी. या लोकांनी पन्नास वर्षं वर्गणी भरली आहे. संकलनाच्या टेबलावर त्यांचा हक्क पहिला आहे, आणि चुकलं तर ते सांगायला लाजणारे नाहीत.